समजीविता आणि घरचा बाजार

(इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी एक अभ्यासपाठ)

संसारातील बहुतेक खर्चांचे आकडे दुसरे कोणीतरी ठरवीत असते. खोलीचे भाडे मालक ठरवितो, एस.टी.चे भाडे महामंडळ ठरविते, विजेचा दर नियामक आयोग ठरवितो. वाणसामानाचा खर्च मात्र घरातील माणूस कोठे जातो, काय विचारतो आणि किती घेतो यावर बराचसा अवलंबून असतो. म्हणून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला मिळकत न वाढताही चार पैसे मागे टाकता येतात, असे पहिले ठिकाण म्हणजे किराणा बाजार होय.

आमच्या वसतिगृहातील बहुसंख्य मुले शेतमजूर, ऊसतोड कामगार आणि बांधकाम मजूर यांच्या घरांतून आलेली आहेत. येथे असेपर्यंत त्यांचे जेवण कोठीघरातून येते. उद्या ती शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात खोली घेऊन राहतील, तेव्हा महिन्याचा पैसा प्रथमच त्यांच्या हाती येईल. तो कसा राखावा, याची पूर्वतयारी म्हणून हा पाठ आम्ही येथे मांडीत आहोत.

१. तराजूची उपमा

काटकसर ही केवळ गरजेपोटी करावयाची गोष्ट नाही. भगवान बुद्धांनी गृहस्थधर्मात तिला मानाचे स्थान दिले आहे. अंगुत्तरनिकायात कोलिय दीघजाणूला केलेल्या उपदेशात गृहस्थाच्या ऐहिक सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत : उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता, म्हणजेच जमाखर्चाचा मेळ राखून जगणे. समजीवितेसाठी तेथे तराजूची उपमा येते. तराजू धरणारा किंवा त्याचा शागीर्द पारडे उचलताच किती खाली गेले, किती वर आले हे जाणतो. तसे गृहस्थाने आपली आवक आणि जावक जाणावी. त्याच उपदेशात ऐपत असून उपाशीपोटी जगणाऱ्यालाही दोष दिला आहे. यावरून बचतीची मर्यादा स्पष्ट होते. मुलांच्या ताटातील डाळ कमी करून वाचविलेला पैसा ही बचत नव्हे. तीच डाळ, तितकीच डाळ, योग्य भावाने आणणे ही बचत होय.

२. भाव विचारण्याचा हक्क

आमच्या पणजोबांच्या पिढीला दुकानाच्या पायरीशी दूर उभे राहावे लागे. पैसे खाली ठेवायचे आणि वरून टाकलेला माल पदरात झेलायचा. मालाला हात लावण्याची मुभा नसे, तेथे भावाची चर्चा कोठून होणार? भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही दुकानात प्रवेश नाकारता येणार नाही असे स्पष्ट नमूद आहे. मूलभूत हक्कांच्या यादीत दुकानाचा उल्लेख नावानिशी यावा, यामागे मोठा इतिहास आहे. म्हणून दुकानात ताठ उभे राहून भाव विचारणे, माल पाहणे आणि पावती मागणे यात कोणतीही लाज नाही. तो मिळालेल्या हक्काचा रोजचा वापर आहे.

हा हक्क आज अनेक घरांत वेगळ्या कारणाने अडलेला दिसतो, आणि ते कारण म्हणजे उधारीची वही. ज्याच्या दुकानी आपले दोन हजार रुपये थकले आहेत, त्याला डाळीचा भाव कोणत्या तोंडाने विचारावा? आणि समोरच्या दुकानात रोखीने घेताना त्याने पाहिले तर? अशा संकोचाने कुटुंब वर्षानुवर्षे एकाच दुकानाशी बांधले जाते. यात दुकानदारालाच दोषी ठरविणे न्यायाचे नाही. मजुरी थकली, घरात आजारपण आले, तर पीठमीठ देणारा तोच असतो. त्याचाही पैसा अडकतो, काही बुडतो आणि तो तोटा तो भावात धरतो. म्हणजे उधारीवर व्याज लिहिलेले नसले तरी ते भावात असते.

यातून सुटण्याची वाट हळूहळू चालावी लागते. प्रथम जुनी थकबाकी हप्ते ठरवून, शब्द पाळून फेडावी. त्याच वेळी एक जिन्नस, समजा साखर किंवा तेल, रोखीनेच घ्यायचा असे ठरवावे. त्यात वाचलेल्या पैशात थोडी भर घालून पुढील महिन्यात दुसरा जिन्नस रोखीवर आणावा. वर्षभरात बहुतेक यादी रोखीवर येते. फिरून भाव पाहण्याचे स्वातंत्र्य असे कमवावे लागते.

३. भाव कोठे पाहावा

रास्त भावाचे दुकान यादीत सर्वप्रथम असावे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. स्थलांतर करणाऱ्या पालकांनी हे ध्यानी ठेवावे की ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेमुळे कामाच्या गावीही हे धान्य घेता येते.

त्यानंतर गल्लीतील किराणा दुकान, बाजारपेठेतील भुसार मालाचे दुकान, आठवडी बाजार आणि शहर जवळ असल्यास मोठा मार्ट यांचे भाव पाहावेत. प्रत्येकाचे बळ वेगळे असते. भुसार दुकानात सुटी डाळ, शेंगदाणे, पोहे सहसा स्वस्त पडतात. मार्ट साखर-तेलासारखे ठळक जिन्नस कमी भावात देऊन गिऱ्हाईक आत आणतो आणि यादीत नसलेल्या वस्तूंवर ती कसर भरून काढतो. आठवडी बाजारात दिवस मावळताना भाजीचा भाव उतरतो, मात्र निवड उरत नाही.

यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना ‘भाववही’ ठेवावयास सांगतो. दोनशे पानी वहीत एका पानावर एक जिन्नस लिहावा. तारीख, दुकान, वजन, किंमत आणि एका किलोचा दर असे पाच रकाने आखावेत. तीन महिन्यांच्या नोंदीनंतर कोणता भाव खरोखर उतरला आहे आणि कोणती ‘सूट’ नावापुरती आहे, हे वहीच सांगू लागते.

४. किंमत नव्हे, दर पाहावा

पाकिटावरील किंमत आणि मालाचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, तेलाचे एक किलोचे पाकीट १५० रुपयांस आणि एक लिटरचे १४० रुपयांस आहे. लिटरचे पाकीट दहा रुपयांनी स्वस्त दिसते. परंतु एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते. १४० ला ०.९१ ने भागल्यास किलोचा दर सुमारे १५४ रुपये येतो. स्वस्त दिसलेले पाकीट किलोमागे चार रुपयांनी महाग आहे.

लहान पुड्यांचेही असेच आहे. समजा, २५० ग्रॅम चहा १३० रुपयांस आहे. म्हणजे दर किलोस ५२० रुपये. तोच चहा १० रुपयांच्या पुडीत १५ ग्रॅम मिळत असेल तर दर ६६७ रुपये पडतो. रोज पुडी घेणारे घर बहुधा सर्वांत कमी मिळकतीचे असते आणि सर्वांत चढा दर तेच देते. शिवाय दहा रुपयांच्या पुडीची किंमत तशीच ठेवून आतील वजन घटविले जाते, म्हणून वजन दर वेळी वाचावे. पाकीटबंद मालाच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने दर एककाची विक्री किंमत छापण्याची तरतूद झाली आहे. ती छोट्या अक्षरांत असते, पण पाहण्यासारखी तीच असते.

५. फेरीचा हिशोब

भाव पाहत हिंडण्यालाही खर्च येतो. पुढील काल्पनिक उदाहरण पाहा. तूरडाळ ३ किलो, साखर ४ किलो, शेंगदाणे २ किलो, तेल ४ किलो, पोहे २ किलो अशी यादी आहे.

गल्लीतील दुकान : दर अनुक्रमे १६०, ४४, १४०, १५५, ६०, एकूण १,६७६ रुपये.
भुसार दुकान : दर १४८, ४५, १२८, १५३, ५२, एकूण १,५९६ रुपये.
मार्ट : दर १५६, ४२, १४६, १४८, ५८, एकूण १,६३६ रुपये.

सर्व यादी भुसार दुकानातून आणल्यास ८० रुपये वाचतात. साखर व तेल मार्टातून आणि बाकी भुसार दुकानातून घेतल्यास खर्च १,५६४ रुपये होतो, म्हणजे बचत ११२ रुपये. पहिल्या बदलाने ८० रुपये मिळाले, दुसऱ्या फेरीने केवळ ३२. मार्ट कामाच्या वाटेवर असेल तर ते ३२ रुपये आपले. जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे ४० रुपये होत असेल तर फेरी तोट्याची. मजुरीचा दिवस बुडवून बाजार कधीही करू नये. सर्वसाधारणपणे एक मुख्य दुकान आणि एक वाटेवरचे दुकान एवढ्यावर थांबणे हिताचे. पाच जिन्नसांवर महिन्याला वाचलेले ८० रुपये वर्षाचे ९६० होतात.

६. हंगाम आणि सोबत

प्रत्येक जिन्नसाचा आपला काळ असतो. नवी तूर डिसेंबर-फेब्रुवारीच्या सुमारास बाजारात येते, रब्बी ज्वारी व लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर, गहू मार्च-एप्रिलमध्ये. साठवणीचा उन्हाळ कांदाही त्याच वेळी निघतो आणि पावसाळ्यानंतर महागतो. आपल्या आयाबाया उन्हाळ्यात सालाची बेगमी करीत, धान्याला ऊन देऊन कडुनिंबाचा पाला घालीत, त्यामागे हाच हिशोब होता. पण साठवण जितकी टिकेल तितकीच करावी. कीड लागलेले स्वस्त धान्य सर्वांत महाग पडते.

वर्षाचा साठा एकरकमी घेणे एका मजूर कुटुंबाला जमत नाही, दहा कुटुंबांना मिळून जमते. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे १८४४ साली २८ कामगारांनी पीठ, लोणी, साखर असे मोजके जिन्नस घेऊन स्वतःचे दुकान काढले. शुद्ध माल आणि खरे वजन हा त्यांचा नेम होता. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली ‘अपना बाजार’ सुरू झाला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचे वाण एकत्र आणण्याची पद्धत रुजविली. आपल्या वस्तीतील महिला बचत गटालाही एक पोते डाळ आणून वाटून घेणे अवघड नाही. त्यासाठी चोख हिशोब आणि एकमेकींवर विश्वास लागतो. कल्याणमित्रतेचा व्यवहारातील अर्थ हाच आहे.

७. वजनकाटा

भाव कमी आणि माप खोटे असेल तर सारा खटाटोप व्यर्थ. दीघनिकायात त्याज्य व्यवहारांत तुलाकूट, कंसकूट व मानकूट, म्हणजे वजनाची, नाण्याची व मापाची लबाडी, यांची गणना आहे. आज वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये दुकानातील काट्याची मुदतीत पडताळणी करून घ्यावी लागते. तोलण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, मिठाईबरोबर खोक्याचे वजन तर धरले नाही ना, हे पाहावे. छापील कमाल किमतीहून अधिक घेता येत नाही; कमी घेण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक सर्वांना खुला आहे.

८. वाचलेला पैसा

वाचलेला पैसा वेगळा काढला नाही तर तो दिसेनासा होतो. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. आपल्या घरांत तो चौथा भाग बहुधा रिकामा असतो आणि म्हणूनच एका तापाच्या साथीने वही पुन्हा भरते. भाववहीतून निघालेले ८० रुपये त्याच दिवशी पोस्टाच्या वा बँकेच्या खात्यात टाकावेत. पुढच्या आजारपणात उधारीची वही उघडावी लागली नाही, तर हा पाठ कामी आला असे आम्ही समजू.

स्वाध्याय

१. दिवाळीच्या सुटीत घरी वापरल्या जाणाऱ्या दहा जिन्नसांचे तीन ठिकाणचे भाव नोंदवा व प्रत्येकाचा किलोचा दर काढा.
२. घरातील पाच पाकिटांवरील वजन, कमाल किंमत व दर एककाची किंमत उतरवून घ्या.
३. सर्वांत स्वस्त दुकानापर्यंतचे भाडे व वेळ धरून निव्वळ बचत किती उरते ते दाखवा.
४. आईबरोबर बसून पुढील महिन्यात कोणता एक जिन्नस रोखीने घेता येईल ते ठरवा आणि कारण लिहा.