दूध नासते कुठे?

सुरती म्हैस डबक्यातून उठून आली, की तिची कास चिखलाने माखलेली असते. आपण घाईने तिच्यावर पाणी मारतो आणि ओल्या कासेचीच धार काढायला बसतो. मग ते गढूळ पाणी सडांवरून ओघळत चरवीत उतरते. बंधूंनो, धुतल्यावर कास कोरडी पुसली पाहिजे. प्रत्येक म्हशीला वेगळे फडके घ्यावे, नाहीतर एकीचा कासदाह दुसरीला लागतो. पान्ह्यासाठी रेडकू सोडल्यास त्याची लाळ सडांना राहते, म्हणून सड पुन्हा धुवावेत. पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात. विसळून उपडी न घातलेली चरवी तर जंतूंचे घरच.

सुरतचा ‘सुमूल’ दूध संघ १९५१ चा. डेअरीत दूध थंड होते खरे, पण उन्हाळ्यात मंडळीपर्यंत पोचेतो जंतू अर्ध्या-अर्ध्या तासाने दुप्पट होऊ शकतात. आंबलेले दूध उकळूनही सुधारत नाही, फाटते.

गाभडलेल्या म्हशीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेलाचे जंतू माणसात येऊ शकतात. मग वारंवार ताप येतो, सांधे धरतात. उकळीने ते मरतात. ‘धारोष्ण दूध अंगी लागते’ म्हणणाऱ्या आजीबाईंना हे सांगणे अवघड, पण मुलांना दूध उकळूनच द्यावे.