निलंग्याची हवा

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर माझी रूममेट पाच मिनिटं हसत होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. पण विषय माझ्या आजोळचा, निलंग्याचा आहे. तो इंग्रजीत लिहावासा वाटला नाही.

25 मे 2017, गुरुवार. मी सहावीची परीक्षा देऊन सुट्टीत मामाकडे गेले होते. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस दौऱ्यावर आलेले. दुपारी बाराच्या सुमाराला त्यांचं हेलिकॉप्टर निघणार म्हणून आम्ही सगळी पोरं गच्चीवर. ऊन असं की चप्पल काढायची सोय नव्हती. आवाज वाढला, धुळीचा लोट उठला, हेलिकॉप्टर थोडं वर आलं. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, हे वर जाऊलालंय का खाली येऊलालंय?"

ते खालीच येत होतं. विजेच्या तारांत अडकून ते वस्तीजवळ आदळलं. आत मुख्यमंत्र्यांसह सहा जण होते आणि सहाही जण सुखरूप बाहेर आले. आपण सुरक्षित आहोत हे मुख्यमंत्र्यांनी लगेच ट्विटरवरून कळवलंही.

संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर. आमचं निलंगा टीव्हीवर! मोबाईलवर काढलेला तोच धुळीचा व्हिडिओ परत परत दाखवत होते. आज्जी देवाला साखर ठेवून आली. आणि मामा सुपारी कातरत शांतपणे म्हणाला, "काही नाही, साहेबांच्या हेलिकॉप्टरला निलंग्याची हवा मानवली नाही." सगळं घर हसलं. मीही हसले.

हा विनोद किती खरा होता, ते समजायला मला इंजिनिअरिंगला यावं लागलं.

हवा मानवत नाही म्हणजे काय?

हेलिकॉप्टरचं पातं हवा खाली ढकलतं, म्हणून हेलिकॉप्टर वर उचललं जातं. हवा दाट असेल तर पात्याला पकड चांगली मिळते, विरळ असेल तर कमी. हवा विरळ होण्याची दोन मुख्य कारणं: उंची आणि उष्णता. पायलट लोक या दोन्हींचा एकत्र हिशोब करतात. त्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. म्हणजे तुम्ही उभे कुठेही असा, तुमच्या मशीनला आपण किती उंचीवर आहोत असं 'वाटतं', तो आकडा.

आता निलंग्याचं गणित करू. आपला हा भाग बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून अंदाजे 600 मीटर, म्हणजे 2000 फूट उंच. प्रमाण वातावरणात 2000 फुटांवर तापमान 11 अंश धरतात. मे महिन्यात दुपारी 40 अंश धरा. फरक 29 अंश. ढोबळ नियम असा की प्रत्येक अंशाला 120 फूट वाढवायचे. 29 गुणिले 120 म्हणजे 3480. त्यात मूळचे 2000 मिळवा. उत्तर साधारण 5500 फूट.

कळसूबाई शिखराची उंची 1646 मीटर, म्हणजे 5400 फूट. थोडक्यात, मे महिन्याच्या दुपारी निलंग्यात उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरला आपण कळसूबाईच्या माथ्यावर उभे आहोत असं वाटतं! समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा तिथली हवा सुमारे 14 टक्के विरळ असते. पात्याची पकड कमी होते आणि इंजिनाला मिळणारी हवाही कमी होते. एकाच वेळी दोन्हीकडून मार.

ते हेलिकॉप्टर सिकोर्स्की एस-76 जातीचं, दोन इंजिनांचं होतं. या जातीचं उड्डाणाचं कमाल वजन सुमारे 5300 किलो. पण हा 'कमाल' आकडा सगळीकडे आणि सगळ्या ऋतूंत चालत नाही. हवा तापली की तो खाली आणावा लागतो. म्हणजे माणसं, सामान किंवा इंधन, काहीतरी कमी करावं लागतं.

आणखी एक गंमत आहे. जमिनीच्या अगदी जवळ हेलिकॉप्टरला कमी ताकद लागते, कारण खालची जमीन पात्याखालच्या हवेला मोकळं पळू देत नाही. याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात. साधारण पात्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत तो जाणवतो, एस-76 च्या बाबतीत 13 मीटर. त्यामुळे जड झालेलं हेलिकॉप्टरसुद्धा जमिनीवरून सहज उठतं. थोडं वर गेलं की हा आधार सुटतो आणि खरी परीक्षा सुरू होते. त्यातून सुटायचा मार्ग म्हणजे पुढे वेग घेणं. पण पुढे घरं आणि तारा असतील तर? पायलटने आणखी जोर मागितला आणि इंजिनाकडे तो शिल्लक नसला, तर पात्याचा फिरण्याचा वेगच घटतो.

या अपघाताचा तपास विमान अपघात तपास विभागाने केला. त्याच्या बातम्यांत वजन आणि उष्ण हवा हे मुद्दे आले. म्हणजे मामा बरोबर होता. हवा मानवली नव्हती!

पायलट लोक हसतात कशाला?

गेल्या वर्षी आमच्या विभागात एका निवृत्त पायलट सरांचं गेस्ट लेक्चर झालं. ते अपघातांवर बोलत होते आणि दर दोन मिनिटांनी विनोद करत होते. "हेलिकॉप्टरवरचा पंखा पायलटला गार ठेवण्यासाठी असतो. खोटं वाटत असेल तर तो बंद करून बघा, पायलटला कसा घाम फुटतो!" आम्ही हसलो, पण एका मुलीने विचारलंच, "सर, माणसं मरतात आणि तुम्ही हसता?"

सर म्हणाले, "मॅडम, नियमाचं पुस्तक आणीबाणीत आठवत नाही. विनोद आठवतो."

मग त्यांनी पायलट लोकांत जगभर चालणारे विनोद एकेक करून उलगडले. 'उड्डाण ऐच्छिक, उतरणं सक्तीचं.' याचा अर्थ, शंका असेल तर निघूच नका, मागे कितीही मोठा साहेब बसलेला असो. 'तीन गोष्टी बिनकामाच्या: डोक्यावरची उंची, मागे गेलेली धावपट्टी आणि पंपावर राहिलेलं इंधन.' म्हणजे हाताशी काय शिल्लक आहे ते आधी मोजा. 'म्हातारे पायलट असतात, धाडसी पायलट असतात, पण म्हातारे धाडसी पायलट नसतात.' याचा अर्थ सांगायला नकोच.

बातम्यांवरही त्यांचे विनोद असतात. स्टॉल म्हणजे पंखावरून हवा नीट न वाहिल्यामुळे उचल जाणं. इंजिन चालू असतानाही ते होतं. पण बातमीत हा शब्द आला की 'इंजिन बंद पडलं' असं होऊन जातं. लहान विमान कुठल्याही कंपनीचं असो, ते 'सेसना' होतं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, तेव्हाही आमच्या मेसमध्ये टीव्हीसमोर 'कुणाची चूक' यावरच चर्चा रंगली. 'का पडलं' हे विचारायच्या आत पुढची बातमी आली.

मला वाटतं पत्रकारांचा यात फारसा दोष नाही. त्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं असतं आणि तपासाला महिने लागतात. विमान अपघातांच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय नियम तर स्पष्ट सांगतो की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष देणं हा नाही. अमेरिकेत 1976 पासून अशी व्यवस्था आहे की पायलटने आपली चूक स्वतःहून कळवली तर त्याचं नाव गुप्त राहतं, चूक मात्र सगळ्यांना वाचायला मिळते.

आता माझी चूक

हे सगळं लिहायचं खरं कारण इथे आहे. मागच्या टेक-फेस्टला आमच्या ग्रुपचं रिमोटवर चालणारं मॉडेल विमान मैदानावर पडलं, ते तुम्हाला आठवत असेल. एका ज्युनिअरच्या हाताला प्रोपेलर लागला, चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्टेलच्या बोर्डवर व्यंगचित्र लावलं: 'चालत बाहेर आलात ना? मग लँडिंग चांगलंच!' सगळं हॉस्टेल हसलं. तो ज्युनिअरसुद्धा हसला, बिचारा. सरांना दिलेल्या रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं, 'अचानक वाऱ्याचा झोत आला.'

वारा नव्हता. व्हिडिओ चांगला यावा म्हणून सकाळी मी विमानावर कॅमेरा आणि जास्तीची बॅटरी बसवली होती. नंतर वजन केलं नाही. आदल्या संध्याकाळी, गार हवेत, रिकामं विमान छान उडालं होतं. दुपारी दोनच्या उन्हात, जास्त वजनाने ते उडेल का, हा प्रश्न मनात आला होता. पण पाहुणे येऊन बसले होते, 'थांबा' म्हणायला लाज वाटली. ज्या मुलीने निलंग्याची ती दुपार डोळ्यांनी पाहिली, तिनेच हे केलं.

पायलट सरांचे विनोद आणि आमचं व्यंगचित्र यांत फरक काय, तो मला त्या रात्री कळला. त्यांच्या विनोदात कारण लपलेलं असतं, शोधलं की सापडतं. आमच्या विनोदाने कारण पुरून टाकलं. हसण्यात पाप नाही. पण हसून झाल्यावर 'का?' विचारायचं राहिलं, तर पुढच्या वर्षी कुणाच्या तरी हाताऐवजी डोळ्याला लागेल.

त्या ज्युनिअरची मी माफी मागितली आहे, सरांना खरा रिपोर्ट दिला आहे. बोलणी खाल्ली, ती बरोबरच होती. आता क्लबमध्ये एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येक उड्डाणाआधी वजन, तापमान आणि वेळ लिहायची. काही बिघडलं तर कारण लिहायचं, नाव लिहिलं नाही तरी चालेल. विनोद सुचला तर तोही लिहायचा, पण कारणाच्या खाली.

वहीच्या पहिल्या पानावर मी मामाचं वाक्य लिहिलं आहे. फोनवर मामाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मी बी इंजिनिअरच की!"

हो मामा. फक्त आकडे तेवढे राहिले होते.