विमानाचे चित्रण आणि वैमानिकाचा आवाज

सुरतेत डुमसच्या रस्त्याने गेले की मगदल्ल्याजवळ विमानतळ लागतो. १७ डिसेंबर २०२३ रोजी तेथील नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. उधना-लिंबायतच्या आमच्या मराठी वस्तीतील मुलेही आता पहिल्या विमानप्रवासाचे मोबाइलवरील चित्रण हौसेने दाखवितात. त्यात ढग दिसतात, पंख दिसतो, खाली तापीचे वळण दिसते. कानावर मात्र केवळ घरघर येते. विमान चालविणारी माणसे आपापसांत काय बोलली, हे त्यात नसते. उड्डाणाचा खरा व्यवहार तर त्या बोलण्यातच होत असतो. हे बोलणे कसे मुद्रित करतात आणि ते करताना कोणते भान ठेवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये सुरतेहून नऊ आसनी सेसना विमानांची सेवा सुरू झाली. अशा विमानात वैमानिक आपल्यापासून हाकेच्या अंतरावर असतो. तरी त्याचे शब्द ऐकू येत नाहीत. कारण लहान विमानात आवाजाची पातळी नव्वद डेसिबलच्या आसपास जाते. म्हणून वैमानिक कानांवर हेडसेट चढवितात. त्याचा मायक्रोफोन ओठांजवळ असतो आणि बोलणे तारेतून इंटरकॉममार्फत दुसऱ्याच्या कानांत पोचते. कोणी बोलू लागले तरच मायक्रोफोन उघडावा, एरव्ही गोंगाट आत येऊ नये, अशी योजना त्यात असते. नियंत्रण कक्षाशी होणारे बोलणेही त्याच हेडसेटमधून ऐकू येते.

मोबाइलचा मायक्रोफोन या गोंगाटात गोंधळतो. शांत जागी तो आवाज आपोआप वाढवितो, मोठ्या आवाजात कमी करतो. परिणामी इंजिन तेवढे राहते आणि शब्द बुडतात. यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय सोपा आहे. शर्टाला लावतात तसला छोटा मायक्रोफोन हेडसेटच्या कानावरील वाटीत सरकवावा व त्याची तार मोबाइलला जोडावी. विमानाच्या यंत्रणेला हात लागत नाही, हा याचा मोठा गुण. मात्र वाटी कानावर घट्ट बसली पाहिजे. फट राहिली की गोंगाट आत शिरतो.

दुसरा उपाय म्हणजे हेडसेटच्या जोडणीतून आवाज सरळ तारेने घेणे. लहान विमानांच्या हेडसेटला बहुधा दोन पिना असतात. जाड पीन ऐकण्याची, बारीक पीन बोलण्याची. ऐकण्याच्या बाजूने येणारा विद्युतदाब मोबाइलच्या मायक्रोफोनला लागणाऱ्या दाबाच्या कितीतरी पट असतो. तो तसाच दिला तर आवाज फाटतो. म्हणून मध्ये रोधक घालून तो उतरवावा लागतो आणि मोबाइलकडून येणारा अल्पसा एकदिश प्रवाह अडविण्यासाठी धारित्र लागते. अशा तयार तारा बाजारात मिळतात. घरी जोडलेल्या तारेत दोन टोके चिकटली तर वैमानिकाचेच कान बंद पडू शकतात. म्हणून जमिनीवर तपासल्यावाचून कोणतीही तार विमानात नेऊ नये. मोबाइल 'विमान' स्थितीत ठेवावा. नाहीतर त्याच्या लहरींची भुणभुण मुद्रणात उतरते.

आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला, तर आरंभी एक टाळी वाजवावी. चित्रातील टाळी आणि ध्वनीतील टाळी जुळली की दोहोंचा मेळ बसतो. आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना रोजकीर्द व खतावणी ताडून पाहण्याची सवय असते. हे काम त्याच जातीचे आहे.

बारामती, गोंदिया येथे वैमानिकांचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. शिकाऊ वैमानिकाला असे मुद्रण म्हणजे आपल्या कामाची वहीच होय. सूचना समजली नाही कुठे, उत्तर द्यायला उशीर झाला कुठे, हे खाली उतरल्यावर शांतपणे ऐकता येते.

मोठ्या विमानांत हेच काम कायम बसविलेले यंत्र करते. १९५३ मध्ये कॉमेट विमानांच्या अपघातांची चर्चा चालू असताना मेलबर्नच्या डेव्हिड वॉरन यांना ही कल्पना सुचली. आज वैमानिकांचे बोलणे आणि कक्षातील इतर आवाज वेगवेगळ्या वाहिन्यांवर मुद्रित होतात. नाव 'काळी पेटी' असले तरी तिचा रंग नारिंगी असतो.

चित्र आणि आवाज यांतील फरक आपण नुकताच फार मोठी किंमत देऊन पाहिला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. गच्चीवरून एका मुलाने मोबाइलवर टिपलेले उड्डाण देशभर पाहिले गेले. त्यात विमान खाली जाताना दिसते. का, ते दिसत नाही. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालानुसार दोन्ही इंजिनांचे इंधनाचे खटके सुमारे एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. इंधन का तोडले, असे एका वैमानिकाने विचारले आणि दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले. कोण कोणास बोलला, हे अहवालात नव्हते. संपूर्ण संभाषणही नव्हते. तरीही एवढ्याशा तुकड्यावरून लोकांनी निवाडे दिले. मृतांना उत्तर देता येत नाही, हेही कोणी ध्यानात घेतले नाही. मागचेपुढचे बोलणे गळाले की खरा आवाजसुद्धा खोटी साक्ष देऊ शकतो.

म्हणून काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले की प्रवाशाने चित्रण करण्यास हरकत नाही, पण उड्डाणात अडथळा येईल असे साधन वापरू नये व कर्मचाऱ्यांनी मनाई केल्यास थांबावे. पुण्यासारख्या संरक्षण दलाच्या विमानतळांवरील चित्रणाला वेगळी मनाई आहे. इंटरकॉमचे मुद्रण वैमानिक व विमानमालक यांच्या संमतीवाचून करू नये. तार वैमानिकाच्या हातापायांत येऊ देऊ नये. आणि मुद्रण इतरांना ऐकवायचे झाल्यास सोयीचे तुकडे काढून ऐकवू नये.

एकच पावती पाहून कोणी ताळेबंद मांडत नाही. मित्रहो, विमानाच्या चित्राला आवाजाची जोड अवश्य द्यावी; परंतु काम करणाऱ्या माणसाचे बोलणे हे तमाशाचे साहित्य नव्हे. ते पूर्ण ऐकण्याची तयारी असेल त्यानेच ते मुद्रित करावे.