लेकीच्या बाळंतपणाला निघालीस, तर आधी तास मोज

अगं, मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, हे पाठ करून काही उपयोग नाही. तो आकडा पृथ्वीच्या गोलावरच्या सगळ्यात जवळच्या वाटेचा. वारा कसा आहे आणि कुठल्या देशाचं आकाश बंद आहे, त्यावर विमानाची खरी वाट ठरते. तू तास मोज, आणि तेही आपल्या घड्याळाने.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. समज, मुंबईहून रात्री दीडला निघून तू तिथे सकाळी साडेसातला उतरलीस. वाटेल, सहा तासांत अमेरिका! पण उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. ते साडेसातात मिळव, आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले. म्हणजे साडेपंधरा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत त्यांचं घड्याळ आणखी तासभर मागे असतं, तेव्हा साडेदहा धरायचे. परतताना तास-दीड तास वाचतो, कारण उंचावरचा पश्चिमेचा जोरदार वारा पाठीशी असतो.

सगळ्यात जपायचं ते तारखेला. 12 तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे 11 च्या संध्याकाळी पाचलाच पुणं सोडायचं. घाटात गाड्या अडकतात, आणि विमानतळावर तीन-चार तास आधी पोचलेलं बरं. घरच्यांना आणि गाडीवाल्यालाही वार-तारखेसकट सांगून ठेव. दारापासून दारापर्यंत हा प्रवास पंचवीस तासांचा धर.

तेवढ्या तासांची औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. कुठली गोळी किती तासांनी, ते कागदावर भारतीय वेळेत लिही आणि पोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ बदलू नकोस. तिथे गेल्यावर वेळा कशा सरकवायच्या, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचार. इन्सुलिन घेत असशील, तर विचारल्याशिवाय पाऊल उचलू नकोस. जागा कडेची, चालायच्या वाटेलगतची माग. मध्ये मध्ये उठ, घोटे फिरव, पाणी पी. विमानातली हवा फार कोरडी असते.

पुढे दुसरं विमान असेल, तर मध्ये तीन तास तरी हवेत. अमेरिकेत पहिल्या शहरातच पासपोर्टची रांग असते आणि बहुतेक वेळा बॅगा तिथेच उतरवून घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेव, त्यात कमीपणा काही नाही.

पोचलीस की दिवसा झोपू नकोस, उन्हात बस. शरीर रोज साधारण तासभरच सरकतं. पहिला आठवडा तू पहाटे तीनला टक्क जागी आणि संध्याकाळी पेंगुळलेली असशील. बाळंतिणीला असं माणूस काय कामाचं? तेव्हा लेकीला डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दहा दिवस तरी आधी पोच.