तिची उजवी बाही

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमच्या न्यू जर्सीच्या घरी दिवाळी होते. खरी दिवाळी येते तेव्हा लेक मिडटर्मच्या गडबडीत असते, त्यामुळे चकल्या नोव्हेंबरअखेर. दोन वर्षांपूर्वीच्या त्या बुधवारी मी कढईपाशी होते आणि ती सोऱ्या फिरवत होती. स्वयंपाकघरात इतकी धग, तरी हिच्या स्वेटशर्टच्या बाह्या मनगटापर्यंत. पीठ लागेल म्हणून मीच उजवी बाही वर सारली. कोपराच्या खळग्यात सुई टोचल्याची खूण होती, भोवतीची कातडी हिरवट-पिवळी पडलेली.

तुम्हीही आईबाप आहात, त्या क्षणी माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला नको. चकली मात्र जळली.

"प्लाझ्मा देते गं आई. आठवड्यातून दोनदा. पैसे मिळतात." अमेरिकेत हे कायदेशीर आहे. मध्ये एक दिवस जाऊ दिला, की सात दिवसांत दोनदा देता येतो. प्लाझ्मा सेंटरमध्ये कॉलेजची मुलं अभ्यासाची वही घेऊन बसलेली असतात म्हणे. पैसे कशाला हवे होते? तर सोरॉरिटीचे ड्यूज, म्हणजे वर्गणी, भरायला.

सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचा सभासदसंघ. नावं ग्रीक अक्षरांची, अनेकदा स्वतःचं घर, स्वतःचे विधी, आणि सभासदत्व जन्मभराचं. हे ऐकल्यावर आमचे हे एवढंच म्हणाले, "रक्त विकून मैत्रिणी घ्यायच्या?" मलाही तेव्हा ते पटलं होतं. आज पटत नाही. मुली अमेरिकन कॉलेजांत नुकत्या शिकू लागल्या होत्या, मुलांच्या संघांत त्यांना जागा नव्हती, तेव्हा त्यांनी आपले संघ काढले. कप्पा अल्फा थीटा 1870 मध्ये इंडियानात निघाली. काळ्या मुलींनी 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा काढली, कमला हॅरिस तिच्याच सभासद. 1998 मध्ये दक्षिण आशियाई मुलींच्याही सोरॉरिटी सुरू झाल्या. परक्या जागी आपली चार माणसं हवीत, यात आपल्याला नवल वाटू नये. आपण नाही का गावोगावी महाराष्ट्र मंडळं काढली? बीएमएमच्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, अधिवेशनाला चौघांची नोंदणी, विमान, हॉटेल, नवी पैठणी हा हिशेब आमच्या घरी कुणी कधी मोठ्यानं केलेला नाही.

त्या रात्री मात्र हिशेब केला. चकल्यांचा डबा बाजूला सारून लेकीनं लॅपटॉप उघडला. पहिल्या सेमिस्टरचे ड्यूज एकोणीसशे डॉलर. पहिल्या वर्षी आकडा फुगतो, कारण प्रवेशाची फी, राष्ट्रीय संघटनेची फी आणि छातीवर लावायची पिन हे सगळं त्यातच येतं. शिवाय सोरॉरिटीच्या घरात न राहणाऱ्या मुलींनाही त्या घराच्या देखभालीसाठी पार्लर फी. इथवर कागदावर होतं. कागदाबाहेर प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा टी-शर्ट, फॉर्मल पार्टीचा ड्रेस, मीटिंग चुकली तर दंड, आणि 'बिग-लिटल' आठवडा. त्या आठवड्यात जुनी सभासद 'मोठी बहीण' होऊन नव्या 'धाकट्या बहिणी'ला ओळख न देता रोज भेटी पाठवते. पुढच्या वर्षी ही मोठी बहीण होणार होती आणि त्याचीच हिला आत्तापासून धास्ती. "मला पाच दिवस टोपल्या भरभरून मिळालं आई. मी तिला काय, चकल्या देऊ?"

(दिल्या असत्या तर बरंच झालं असतं, पण ते असो.)

हे पैसे ती आमच्याकडे का मागत नव्हती, हा माझा खरा प्रश्न होता. उत्तर तिनं सहज दिलं: "तूच म्हणाली होतीस ना, पैशाचं तू बघू नकोस, अभ्यास कर."

म्हणाले होते. शंभरदा म्हणाले होते. माझे वडील पुण्याच्या होस्टेलवर मनीऑर्डर पाठवायचे, तिच्या तळाशी 'काळजी नसावी' एवढं लिहिलेलं असायचं. ती रक्कम कुठून यायची हे मला त्यांच्या निवृत्तीपर्यंत कळलं नाही. मलाही तसंच आईपण करायचं होतं. माझ्या लेकीला त्या वाक्यात माया ऐकू आली नाही. तिला ऐकू आलं की घरात पैसा हा बोलण्याचा विषय नाही, आणि अभ्यासाखेरीज दुसऱ्या कशाला तर अजिबातच नाही. तिला कॉलेजची फी माहीत होती, घराचा हप्ता माहीत नव्हता. तिच्या शिक्षणासाठी तिच्या नावे साठवत आलेल्या 529 खात्यात किती उरलंय तेही नाही. तिला वाटायचं आम्ही एकतर फार श्रीमंत आहोत नाहीतर बुडत आलोय, आणि ती दिवसाआड मत बदलायची.

म्हणून मुलगी कॉलेजला निघण्याआधी तिला एक आकडा सांगून टाका. फी, राहणं, जेवण सोडून वर्षाला आम्ही एवढे देऊ शकतो, कशात घालायचे ते तुझं तू ठरव. नाही म्हणायचं असेल तर तेही आधीच म्हणा. ऑगस्टमधल्या रशच्या, म्हणजे सभासदभरतीच्या, आठवड्यात दहा घरं हिंडून, गाणी ऐकून, रडून-हसून मुलगी सही करते तेव्हा तिच्या डोक्यात रक्कम नसते, घर असतं. आणि मोठ्या सोरॉरिटींत ती सही झाली, की पुढच्या मुख्य रशपर्यंत त्या कॅम्पसवर दुसरीकडे जाता येत नाही. तेव्हा सहीआधी विचारायला लावा: पहिल्या वर्षी किती, नंतर किती, दंड कशाकशाचे, पुढे घरात राहायची सक्ती आहे का, मध्येच सोडलं तर काय. थकबाकी वसुली एजन्सीकडे गेल्याचीही उदाहरणं आहेत. आणि 529 मधून ड्यूज भरता येत नाहीत. सोरॉरिटीच्या घरातली खोली आणि जेवण मात्र कॉलेजनं ठरवलेल्या खर्चाच्या मर्यादेत बसू शकतं.

त्या हिशेबाच्या दुसऱ्या दिवशी लेकीनं सोरॉरिटीच्या ट्रेझररला मेसेज केला. मला वाटलं होतं ट्रेझरर म्हणजे कुणी बाई असतील. ती वीस वर्षांची पोर निघाली, अकाउंटिंग शिकणारी. तिचं उत्तर अर्ध्या तासात आलं: हप्ते करून देते, एक छोटी शिष्यवृत्ती आहे, अर्ज पाठवते, आणि या महिन्यात विचारणारी तू चौथी. लेकीनं ते शेवटचं वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. तीन महिने ज्या मुलींपासून ती कोपर लपवत होती, त्यांतल्या तिघी हेच लपवत होत्या. सोरॉरिटी म्हणजे भगिनीसंघ ना! मी काही बोलले नाही, पण आमचे हे बोललेच.

ती राहिली त्यात. सगळ्यात नाही. फॉर्मलला मैत्रिणीचा ड्रेस घातला, लायब्ररीत आठवड्याला दहा तासांचं काम धरलं. धाकट्या बहिणीला पाच दिवसांऐवजी एकच भेट दिली, आणि त्यात खरोखर चकल्या होत्या. सोरॉरिटीच्या घरात राहायला गेली नाही, ते आमच्या आकड्यात बसत नव्हतं. त्या दिवशी ती फोनवर रडली. मी समजूत घातली नाही, नुसती ऐकत राहिले.

गेल्या थँक्सगिव्हिंगला पुन्हा सोऱ्या तिच्या हातात होता. मी झाऱ्या धरून उभी, नजर आपोआप कोपराकडे. तिनं ते पाहिलं, सोऱ्या ओट्यावर ठेवला, आधी उजवी बाही वर केली, मग डावी.

"बघ," म्हणाली. "आता तेलाकडे बघ."