शेजाऱ्यांच्या कोंबड्या आपल्या अंगणात

प्रश्न : शेजारी गाव सोडून चालले आहेत. त्यांच्या चार गावठी कोंबड्या आम्ही घ्याव्यात का? पूर्वी कधी पाळलेल्या नाहीत.
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : जरूर घ्या, पण पारखून. डोळे स्वच्छ हवेत, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नको. पंख उचलून उवा-पिसवा पाहा. पायांचे खवले वर उचललेले दिसले तर खरजेची शंका घ्या. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल असतो; खुडूक बसलेलीचा फिका पडतो, तो आजार नव्हे. वय आणि राणीखेतची (मानमोडीची) लस कधी टोचली, हे विचारून घ्या.

खुराड्यात दर कोंबडीला किमान तीन चौरस फूट जागा, बसायला आडवी काठी आणि मुंगूस शिरणार नाही अशी बारीक, मजबूत जाळी हवी. पहिला आठवडा आतच ठेवा. लगेच सोडल्यात तर संध्याकाळी जुन्याच अंगणात जाऊन बसतील. दाण्यासोबत शिंपल्यांचा चुरा आणि ताजे पाणी द्या.

जागा बदलल्याने काही आठवडे अंडी थांबू शकतात, घाबरू नका. मात्र कोंबडी मान टाकून, पिसे फुगवून बसली तर तिला वेगळी ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.