रुग्णवाहिका कोणी चालवावी?



गेल्या सहामाहीत नववीच्या वर्गात आम्ही एक वादविवाद घेतला. विषय होता, ‘आपल्या शहराची रुग्णवाहिका सरकारने चालवावी, महापालिकेने, धर्मादाय संस्थेने की खाजगी कंपनीने?’ विषय जरा रुक्ष ठरेल अशी मला धास्ती होती. आणि पहिली दोन भाषणे तशी झालीही. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, माझे बाबा रुग्णवाहिकेवर चालक आहेत. ते म्हणतात, गाडी द्यायला पुष्कळ येतात, डिझेल द्यायला कोणी येत नाही.” वर्ग हसला, परंतु त्या एका वाक्याने विषयाचे मर्म उघडे केले. त्यावर मी जे वाचले व विचार केला, ते येथे मांडत आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘अँब्युलन्स’ हा शब्द ‘चालणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. फ्रेंच सैन्यात त्याचा अर्थ फिरते रुग्णालय असा होता. गंमत अशी की, हे फिरते रुग्णालय रणांगणापासून मैलोगणती दूर उभे असे आणि लढाई संपेपर्यंत जखमी सैनिक जागीच कण्हत पडत. १७९२ साली ऱ्हाइनच्या आघाडीवर असलेल्या दोमिनिक लारे या तरुण शस्त्रवैद्याला हे सहन होईना. घोड्यांचा तोफखाना जर वाऱ्यासारखा धावू शकतो, तर जखमींची गाडी का नाही, असा प्रश्न करून त्याने हलक्या घोडागाड्यांची पथके उभारली. त्यांना ‘उडत्या रुग्णवाहिका’ असे नाव पडले. ज्याची जखम अधिक गंभीर त्याला आधी उचलावे, मग तो सेनापती असो की शिपाई, हा दंडकही त्याचाच. पुढे आपण पैशांचा विचार करू, तेव्हा हा दंडक ध्यानात ठेवा.

आपल्या देशात गाडी पुष्कळ उशिरा आली. त्याआधी माणसांचे खांदे होते. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले, तेव्हा गांधीजींनी उभारलेल्या हिंदी शुश्रूषापथकात सुमारे ११०० माणसे होती आणि ती जखमींना डोलीत घालून दिवसाकाठी वीस-पंचवीस मैल चालत. माझ्या आजीचे गाव तेरेखोलच्या खाडीकाठी. आमच्या घरी कोंकणी बोलतात. आजी डोलीच्या गोष्टी त्याच भाषेत सांगे. गावाला सडक नव्हती. आजारी माणूस डोलीतून नेत. त्यासाठी घरटी एक गडी निघे आणि वाटेत आळीपाळीने खांदा बदलत. (मात्र ‘खांदा दिला’ असे त्या कामाबद्दल कोणी म्हणत नसे, ते शब्द दुसऱ्या प्रवासासाठी राखलेले!) ती डोली देवळाच्या पडवीत आढ्याला टांगलेली असे. वर्षातून चार वेळाही ती खाली उतरत नसे; पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गावकीच्या पैशातून तिचा काथ्याचा दोर बदलला जाई. वापर झाला नाही म्हणून दोर तसाच ठेवू, असे कोणी म्हटल्याचे आजीला आठवत नव्हते.

आता हिशोब करू. रुग्णवाहिका चोवीस तास सज्ज ठेवायची तर दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या २१ पाळ्या झाल्या. एक माणूस आठवड्यात ६ पाळ्या करू शकतो. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. गाडीवर चालक व शुश्रूषक अशा दोन जागा. म्हणजे एका गाडीमागे सात माणसांचा पगार. यात डिझेल, टायर, प्राणवायूचे नळकांडे, औषधे, विमा आणि दूरध्वनी घेणाऱ्या कक्षाचा खर्च मिळवा. गाडीची किंमत एकदाच द्यावी लागते. हा खर्च मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो. खासदार निधीतून रुग्णवाहिका खरेदी करता येते, पण तिचा आवर्ती खर्च त्या निधीतून भागवता येत नाही. त्या मुलीच्या वडिलांनी जे अनुभवाने ओळखले, तेच नियमावलीच्या भाषेत लिहिलेले आहे! गावोगावी दात्याचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेल्या गाड्या धूळ खात उभ्या दिसतात, त्याचे कारण यात सापडेल. जाता जाता सांगते, अशा गाड्यांवर हौसेने काढलेले तांबडे क्रॉसचिन्ह १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार कोणालाही मनास येईल तसे वापरता येत नाही.

गाड्या किती असाव्यात, याचे एक सरकारी मान आहे : एक लाख वस्तीमागे एक साधी, आणि पाच लाखांमागे एक प्रगत, म्हणजे कृत्रिम श्वसनाची वगैरे सामग्री असलेली. मध्य प्रदेशाने २०२२ साली नवी व्यवस्था लागू केली, तेव्हा ८३५ साध्या आणि १६७ प्रगत गाड्या योजल्या होत्या. प्रसूतीसाठी नेणाऱ्या जननी गाड्या निराळ्या. १६७ ला ५ ने गुणून पाहा. बरोबर ८३५ येतात. म्हणजे हे आकडे सव्वाआठ कोटींहून थोडी अधिक लोकसंख्या धरून, त्या मानावरूनच काढलेले आहेत. महाराष्ट्राची १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. पैकी २३३ प्रगत. २०११ च्या जनगणनेची सव्वाअकरा कोटी वस्ती घेतली, तर सुमारे एक लाख वीस हजार माणसांमागे एक गाडी पडते. इंदूर जिल्ह्याची वस्ती त्याच जनगणनेत ३२,७६,६९७ होती. म्हणजे तेव्हाच्या हिशोबानेच ३३ साध्या व सहा-सात प्रगत गाड्या हव्यात. परंतु हे मान माणसे मोजते, रस्ते मोजत नाही. राजवाड्याच्या गर्दीतला एक किलोमीटर आणि देपालपूरच्या रस्त्यावरचा एक किलोमीटर यांत किती अंतर आहे, ते तुम्हां इंदूरकरांना मी काय सांगावे?

खर्च कोणी करावा, याचे एक निराळे उत्तर मुंबईत काही तरुण मित्रांनी शोधले, आणि मला ते फार विचार करण्याजोगे वाटते. त्यांनी १२९८ या क्रमांकाची सेवा २००५ च्या सुमारास सुरू केली. पैसे घ्यायचे, पण सर्वांकडून सारखे नाहीत. आता श्रीमंत कोण आणि गरीब कोण, हे ठरवणार कसे? घरात माणूस तडफडत असताना उत्पन्नाचा दाखला मागणे शक्य नाही. त्यांनी युक्ती अशी केली की, रुग्ण कोणत्या रुग्णालयात जाणार ते पाहायचे. महागड्या खाजगी रुग्णालयात जाणाऱ्याने पूर्ण भाडे द्यावे. सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याला मोठी सवलत. अपघातात सापडलेल्याला काहीच नाही. प्रश्न एकच विचारायचा, ‘कोठे न्यायचे?’, आणि तो तर विचारावाच लागतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा जखमींना उचलण्यासाठी याही गाड्या धावल्या.

या युक्तीतील उणीवही पाहिली पाहिजे. पूर्ण भाडे देणारे पुरेसे असतील तरच सवलत देता येते. आणि ज्यांना भाडे परवडते त्यांच्या दारात बहुधा स्वतःची मोटार असते. मुंबईत चालेल ते झाबुआत कसे चालावे? तेथे पूर्ण भाडे देणारा आणायचा कोठून? पुढे त्याच संस्थेने अनेक राज्यांच्या सरकारी १०८ सेवा ठेक्याने चालवल्या. त्यांत काही वर्षे आपले मध्य प्रदेशही होते. नागरिकांच्या भाड्यावर उभी राहिलेली संस्था अखेर सरकारी पैशाकडे वळली, यातून पुष्कळ काही उमजते.

दुसरी कथा हैदराबादची. १५ ऑगस्ट २००५ रोजी तेथे १०८ क्रमांकाची विनामूल्य सेवा सुरू झाली. तिच्यामागे सत्यम या संगणक कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू होते. पुढे चालू खर्चाचा फार मोठा भाग राज्य सरकार देऊ लागले आणि व्यवस्थापन संस्थेकडे राहिले. ही पद्धत अनेक राज्यांनी उचलली. गोव्याने २००८ साली, मध्य प्रदेशाने २००९ साली. आणि ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी कंपनीच्या हिशोबात कोट्यवधींची अफरातफर केल्याची कबुली दिली. ते तुरुंगात गेले. आता या सेवेचे काय, असा प्रश्न हजारो कर्मचाऱ्यांपुढे उभा राहिला. परंतु डिझेलचे पैसे मुख्यतः राज्यांच्या खजिन्यातून येत होते. त्यामुळे गाड्या चालत राहिल्या आणि त्याच वर्षी दुसऱ्या उद्योगसमूहाने व्यवस्थापन हाती घेतले. दाता कितीही मोठा असो, एका माणसाच्या दानावर शहराचा प्राण टांगून ठेवू नये, हे या घटनेवरून माझ्या मनात पक्के झाले.

म्हणून पैसा सार्वजनिक असावा, याविषयी मला शंका नाही. न्यायालयांचा कौलही त्याच दिशेचा आहे. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जखमीचा प्राण वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य. पोलिसी सोपस्कार मागाहून. त्या अर्जामागची बातमी अशी होती की, जखमी स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने नाकारून वीस किलोमीटर दूर पाठवले आणि तो वाटेतच मरण पावला. १९९६ साली बंगालमधील शेतमजुरांच्या एका संघटनेच्या दाव्यात न्यायालयाने, पैशाची अडचण ही सरकारला सबब होऊ शकत नाही, असे बजावले. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या साथीत रुग्णवाहिकांची भाडी गगनाला भिडली असता, राज्यांनी वाजवी दर ठरवून द्यावेत, असा आदेश त्याच न्यायालयाने दिला.

पण पैसा सरकारचा झाला म्हणजे वाद मिटतो असे नाही. उलट तेथूनच खरा वाद सुरू होतो. ठेकेदाराला पैसे कशाबद्दल द्यायचे? किलोमीटरमागे दिले, तर जितकी गाडी धावेल तितका लाभ. मग कागदावरच धावण्याचा मोह होतो. रुग्णामागे दिले, तर जेथे रुग्ण विरळ त्या खेड्यात गाडी ठेवणे तोट्याचे. गाडीमागे ठरावीक रक्कम दिली, तर ती वेळेवर पोहोचली काय अन् न पोहोचली काय, ठेकेदाराला सारखेच! माझ्या मते रक्कम गाडी सज्ज ठेवण्याबद्दल द्यावी आणि उशीर झाल्यास कापावी. पुष्कळ ठिकाणी शहरात वीस मिनिटे व खेड्यात तीस मिनिटे अशी मुदत धरतात. मात्र त्या मुदतीची नोंद ठेकेदाराच्याच वहीत राहिली, तर तिचा उपयोग काय? परीक्षा देणाऱ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तसे ते होईल. महाराष्ट्रात २०२४ साली या सेवेच्या नव्या निविदेवरून मोठा गदारोळ झाला. त्यात कोण चुकले, हे ठरवणे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु कराराच्या अटी सामान्य माणसाला वाचता येतील अशा भाषेत आधीच प्रसिद्ध झाल्या असत्या, तर निम्मा गदारोळ टळला असता, असे मला वाटते.

मग शहराने काय करावे? वर्गातील एका मुलाचे म्हणणे होते की, पैसे राज्याने द्यावेत, गाड्या ठेकेदाराने चालवाव्यात आणि लक्ष महापालिकेने ठेवावे. कोणत्या भागात गाडी किती मिनिटांत पोहोचली, हे दर महिन्याला वर्तमानपत्रात छापावे. मला हे पटले. आमच्या इंदुराने २०१५ पासून अवयवदानासाठी अनेकदा रस्ते मोकळे करून दाखवले आहेत; तेव्हा वाहतूक पोलीस, डॉक्टर, स्वयंसेवक आणि विमानतळ यांचा मेळ मिनिटांच्या हिशोबाने बसतो. एका यकृतासाठी जे जमते, ते रोजच्या रुग्णासाठी थोडे तरी जमायला हरकत नसावी. वाहनचालकांपुरता कायदा तर कडक झालाच आहे : २०१९ च्या दुरुस्तीनुसार रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जखमीला मदत करणाऱ्यास पोलिसांनी अडकवू नये, अशी तरतूदही त्याच दुरुस्तीत आहे. घरच्या मोठ्यांना हे आवर्जून सांगा, कारण त्या भीतीनेच पुष्कळ लोक अपघात पाहून पुढे निघून जातात.

दानशूर मंडळींना मात्र मी एक विनंती करीन. नवी गाडी देण्याऐवजी असलेल्या गाडीच्या शुश्रूषकाचे वर्षभराचे वेतन द्यावे. त्यावर नाव रंगवता येत नाही, ही अडचण मला मान्य आहे.

वादविवादाचा निकाल लागला नाही, तास संपला. पुढच्या आठवड्यात त्या मुलीचे वडील रात्रपाळी आटोपून शाळेत आले. मुलांनी त्यांना गाडीतील नळकांडे, स्ट्रेचर, झटक्यांची पेटी यांविषयी खोदखोदून विचारले. अखेर एकाने विचारले, “काका, काल रात्री किती रुग्ण नेले?”

“एकही नाही,” ते म्हणाले.

मुले जराशी हिरमुसली. “मग रात्रभर काय केलंत?”

“दोनदा प्राणवायूचा काटा पाहिला, टायर पाहिले, काच पुसली,” ते म्हणाले, “आणि फोनजवळ बसून राहिलो.”